हाताला सवय आहे

‘हिच्या हाताला सवय आहे गं.’

एप्रिलअखेरची रात्र होती. ‘लापता लेडीज’ नुकताच नेटफ्लिक्सवर आला होता आणि मी आईला बळेच समोर बसवलं होतं. ती सोफ्यावर पाय वर घेऊन, मांडीत ताट घेऊन गवार मोडत होती. टीव्ही बघताना तिचे हात रिकामे नसतात. पडद्यावर एका आडगावचं रेल्वे स्टेशन, फलाटावर चहाची टपरी, आणि टपरीमागे मंजूमाई झालेली छाया कदम. समोर वाट चुकलेली, भेदरलेली नवी नवरी, फूल. मंजूमाईचं बोलणं त्या पोरीशी चाललेलं आणि हात आपलं काम करत असलेले. आईचं गवार मोडणं थांबलं. चष्मा सारखा करून ती पुढे झुकली आणि वरचं वाक्य बोलली.

आईने 22 वर्षं डबे केले. रोजचे 40 डबे, म्हणजे पोळ्याच झाल्या 160. भाजी, आमटी, भात वेगळा. तेव्हा याबाबतीत तिच्या शब्दाला वजन आहे. मी विचारलं, ‘तुला कसं कळलं?’ ती म्हणाली, ‘अगं, सिनेमातल्या बायका स्वयंपाक करतात तेव्हा भांड्याकडे बघत बसतात. रोज तळणारी बाई कढईकडे बघत नाही. घाणा झाला की तिला आवाजावरून कळतं.’

हे मला कधी सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं सिनेमा बघते आहे, त्यावर लिहिते आहे, आणि नटाचं काम जोखायचं म्हणजे डोळे बघायचे, आवाज ऐकायचा, फार तर चाल बघायची, एवढंच मला माहीत. त्या रात्रीपासून मी हात बघायला लागले. 2024मधल्या हिंदी सिनेमातली जी कामं मनात राहिली आहेत, ती आज आठवायला बसले की आधी हातच दिसतात.

मंजूमाईपाशी जरा थांबते, कारण माझ्या लेखी वर्षातलं सगळ्यात मोठं काम तेच. नवरा आणि मुलगा तिच्याच कमाईची दारू पिऊन तिलाच मारायचे, तेव्हा तिने दोघांना घराबाहेर काढलं. आता एकटी राहते. हे सगळं ती सांगते ते दुधाचा भाव सांगावा तशा सुरात. दुसऱ्या एखाद्या अभिनेत्रीने इथे डोळ्यांत पाणी आणलं असतं, आणि प्रेक्षकांना ते आवडलंही असतं. छाया कदम तो मोह टाळते. या बाईचं रडून कधीच झालेलं आहे, फलाटावर पुढची गाडी यायची वेळ झाली आहे आणि गिऱ्हाईक खोळंबलं आहे, हे तिच्या खांद्यांवरूनच कळतं. फूलवरचा तिचा जीवही ती लाडाच्या शब्दांतून दाखवत नाही. ती तिला कामाला लावते.

‘सैराट’ बघितलेल्यांना इथे सुमनअक्का आठवेलच. हैदराबादला पळून आलेल्या आर्ची-परश्याला आसरा देणारी, डोशाची गाडी चालवणारी. तेही छाया कदमचंच काम, 2016 सालचं. दोन्हीकडे टपरी, दोन्हीकडे घरापासून तुटलेलं कोवळं माणूस, दोन्हीकडे त्याला पदराखाली घेणारी बाई. इतकं साम्य असताना नट सहज जुन्याच वाटेने गेला असता. पण सुमनअक्काच्या अंगात ऊब होती, ती सहज विरघळायची. मंजूमाई विरघळत नाही. तिने स्वतःला राखून ठेवलेलं आहे आणि त्याची किंमत तिला ठाऊक आहे. त्याच्याही आधी ‘फँड्री’त जब्याची आई झालेली हीच. मराठी प्रेक्षक तिला दहा-अकरा वर्षं ओळखतो. हिंदीवाल्यांना ती 2024मध्ये सापडली.

सापडली तीही कशी! 1 मार्चला ‘लापता लेडीज’ थिएटरात लागला आणि तीनच आठवड्यांत कुणाल खेमूचा ‘मडगाव एक्सप्रेस’ आला. त्यात ती कांचन कोंबडी, गोव्यातल्या बायकांच्या टोळीची म्होरकी. आरडाओरडा, दमदाटी, नाचणं. मेंडोझा झालेले उपेंद्र लिमये तिच्यासमोर. या दोघांनी मिळून तो सिनेमा असा काही उचलला आहे की ते पडद्यावरून गेले की मला करमेना. मे महिन्यात ती फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाला गेली ती आईची साडी नेसून, आईची नथ घालून. आई हयात नाही, आणि तिला विमानातून फिरवायचं राहून गेलं ही रुखरुख तिने स्वतःच जाहीर लिहिली होती. ते वाचून मी माझ्या आईला फोटो दाखवला. आईने तो बराच वेळ बघितला, आणि ‘पदर नीट घेतलाय’ म्हणाली.

पुन्हा फलाटावर येते. फूल झालेल्या नितांशी गोयलचं कौतुक सगळ्यांनी तिच्या निरागस चेहऱ्यासाठी केलं. चेहरा आहेच तसा. मला मात्र तिचा तो क्षण आठवतो, ज्यात मंजूमाई तिच्या कामाचे पैसे तिच्या हातावर ठेवते. फूलने कलाकंद केलेला असतो, तो विकला जातो. आयुष्यातली पहिली कमाई. बांगड्यांनी भरलेल्या त्या हातांना पैसे धरायची सवय नाही. घ्यावेत की नाही, घेतले तर ठेवावेत कुठे, हे त्या पोरीला उमगत नाही.

इथे आई बोलायला लागली. पहिल्या महिन्याचे डब्यांचे पैसे आले तेव्हा तिने ते तूरडाळीच्या डब्यात, डाळीच्या खाली ठेवले होते. बाबांपासून लपवायचं कारणच नव्हतं, ते तर खूश होते. ‘मग का ठेवलेस?’ तर म्हणे, ‘माझे होते ना. कुठे ठेवायचे ते माहीत नव्हतं.’ दोन दिवस आमटी करताना डब्यात हात घातला की नोटा हाताला लागायच्या आणि तिला बरं वाटायचं. मी 43 वर्षांची आहे आणि ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकत होते. ती बाहेर यायला एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीचा अभिनय लागला.

याच सिनेमातला रवी किशनचा फौजदार श्याम मनोहर सर्वांना आवडला, मलाही. ही भूमिका आमीर खानला स्वतः करायची होती, त्याने चाचणीही दिली होती, पण दिग्दर्शक किरण रावने रवी किशनला घेतलं. योग्यच केलं. गालात पान ठेवून बोलणारा हा माणूस समोरच्याला पूर्ण गाफील ठेवतो. पान चघळणं म्हणजे त्याचा विचार करण्याचा वेळ, हे शेवटाकडे येईतो लक्षात येतं.

आईच्या त्या वाक्यानंतर मी आधी पाहिलेले सिनेमेही आठवून बघायला लागले. श्रीराम राघवनचा ‘मेरी ख्रिसमस’ जानेवारीतच पाहिला होता. तेव्हा मला तो मधेच सैल वाटला होता, आणि कतरिना कैफपेक्षा विजय सेतुपतीच सिनेमा ओढतो आहे असं मी लिहूनही टाकलं होतं. मे महिन्यात पुन्हा पाहिला. शेवटचा बराच मोठा भाग शब्दांवाचून आहे. पोलीस ठाणं, काही माणसं, एक अंगठी, वर चढत जाणारं संगीत. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी पुढे सांगत नाही. पण या वेळी मी कतरिनाचा हात बघत होते, आणि माझं आधीचं मत चुकलं होतं हे मान्य करायला हवं. या बाईवर वीस वर्षं उच्चारांवरून टीका झाली. राघवनने तिच्याकडून शब्दच काढून घेतले आणि तिने दाखवून दिलं की काय काय तिच्यापाशी होतं. सेतुपतीबद्दल एकच. माझ्या ओळखीत इतका स्वस्थ नट नाही. तो नुसता बसतो आणि बसण्यालाच गोष्ट येते.

आणि ‘बर्लिन’. हा सिनेमा किती जणांनी पाहिला कोण जाणे, सप्टेंबरमध्ये झी5वर आला आणि त्याची म्हणावी तशी चर्चा झालीच नाही. अतुल सभरवाल दिग्दर्शक. 1993 सालची दिल्ली, हेरखात्यांची आपसातली चढाओढ, आणि हेरगिरीच्या संशयावरून पकडलेला अशोक नावाचा एक तरुण. तो ऐकू-बोलू शकत नाही. म्हणून खुणांची भाषा शिकवणाऱ्या पुश्किन वर्माला दुभाषा म्हणून बोलावलं जातं. ‘बर्लिन’ हे एका कॉफीहाउसचं नाव. तिथे मूकबधिर मुलं वाढपी म्हणून ठेवतात, म्हणजे बड्या लोकांची गुपितं बाहेर जायला नकोत. या कल्पनेतली क्रूरता लक्षात यायला मला थोडा वेळ लागला, आणि आली तेव्हा चर्र झालं.

पुश्किन झालाय अपारशक्ती खुराणा. महिनाभरापूर्वीच ‘स्त्री 2’मध्ये तो नेहमीसारखा मित्राच्या भूमिकेत हशे घेत होता. इथे तो ओळखू येत नाही. अशोक झालाय ईश्वाक सिंग. बरेचसे प्रसंग एका खोलीत, टेबलाच्या दोन बाजूंना ही दोघं. आता हात कसे बघायचे ते मला शिकवलेलं होतं, त्यामुळे पहिल्याच बैठकीत एक गोष्ट दिसली. पुश्किनचे हात मास्तराचे आहेत. प्रत्येक खूण पूर्ण, सुटी, फळ्यावर अक्षर काढावं तशी. अशोकचे हात मात्र घाईचे. अर्धी खूण करून पुढे जातात, शब्द गिळतात, चिडतात, कारण त्याला दुसरी भाषाच नाही. आपण बोलताना जसं वाक्य अर्धं सोडतो तसं तो हातांनी सोडतो. तोंडाने तो एक अक्षर बोलत नाही, तरी त्याला स्वतःचा असा बोलण्याचा ढंग आहे! हे ईश्वाक सिंगने कसं साधलं असेल याचा मी अजून विचार करते आहे.

पुढे पुढे पुश्किनमध्ये बदल होतो. चौकशी करणारा साहेब दरडावून प्रश्न विचारतो, पुश्किनने तो तसाच्या तसा पोचवायचा. पण मला असं दिसलं की साहेबाचा आवाज चढतो तेव्हा पुश्किनच्या हातांची धार कमी होते. प्रश्न तोच, पण विचारणारे हात मऊ. दुभाषाने बाजू घ्यायची नसते, आणि त्याचे हात बाजू घ्यायला लागलेले असतात. त्याच्या चेहऱ्याला हे कळायच्या आधी. अपारशक्तीच्या या कामाला वर्षाखेरच्या याद्यांमध्ये मी शोधत राहिले आणि तो फारसा कुठे दिसला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दिलजित दोसांझबद्दल लिहिताना हात थोडा अडखळतो, कारण ‘अमर सिंग चमकीला’ मी तीनदा पाहिला आहे आणि तिन्ही वेळा वेगळ्या ठिकाणी रडले. चमकीला म्हणजे पंजाबातला दलित गायक, आधी मोज्यांच्या कारखान्यातला कामगार. मग इतका लोकप्रिय की त्याच्या कॅसेटी पुरेनात. आणि 8 मार्च 1988ला मेहसमपूरमध्ये बायको अमरजोतसह गोळ्या घालून मारलेला. दिलजित आणि परिणीती चोप्राने यातली गाणी चित्रीकरणात प्रत्यक्ष गायली आहेत, आणि ते कळतं. दम लागतो तो खरा लागतो. पण गाणाऱ्याने गाण्यात नवल नाही. मला नवल वाटलं ते गाणं नसताना दिलजित काय करतो त्याचं. तुंबी, ते एकतारी वाद्य, हातात असते तोवर चमकीला राजा. ती खाली ठेवली की तो पुन्हा कारखान्यातला पोरगा होतो. हात कुठे ठेवावेत ते कळत नाही. मोठ्या माणसांपुढे खांदे आत घेतो. मुलाखत घ्यायला आलेली पत्रकार पँट घालून समोर बसलेली असते, तर तिच्याकडे मान वर करून बघायलाही हा लाजतो. गाणी बाकी अशी चावट, की घराघरात लोक कानावर हात ठेवतील!

आणि हा तोच दिलजित, ज्याने ऑक्टोबरपासून देशभरातली मैदानं भरवली. नोव्हेंबरात पुण्यातही त्याचा कार्यक्रम झाला. हजारो माणसं ज्याच्या एका हाकेवर ओरडतात त्या माणसाने पडद्यावर स्वतःला इतकं लहान करावं, समोरच्याच्या मर्जीने वागणारा, ‘जी’ म्हणत राहणारा. कुणाला खूश करू पाहणारं ते हसू मी आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या माणसांच्या तोंडावर पाहिलं आहे, आणि दिलजितच्या तोंडावर ते बघताना मला त्यांची आठवण येऊन ओशाळल्यासारखं झालं.

‘चंदू चॅम्पियन’ मी मोठ्या आशेने पाहिला. तो मुरलीकांत पेटकरांवर आहे, आणि पेटकर आपल्या सांगलीकडचे. 1965च्या युद्धात गोळ्या लागून कायमचं अपंगत्व आलं, आणि 1972ला हायडेलबर्गला पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण त्यांनी मिळवलं. कार्तिक आर्यनने शरीरावर घेतलेली मेहनत दिसते आणि तिला मी मान देते. पण त्याच्या बोलण्याला आमच्याकडच्या मातीचा वास येत नाही, आणि मराठी प्रेक्षक म्हणून ते मला खुपत राहिलं.

22 नोव्हेंबरला दोन सिनेमे एकाच दिवशी लागले आणि मी दोन्ही त्याच आठवड्यात पाहिले.

‘आय वॉन्ट टू टॉक’ला थिएटरात आम्ही मोजून सहा जण होतो. शूजित सरकारचा सिनेमा. अभिषेक बच्चन झालाय अर्जुन सेन, अमेरिकेत जाहिरातीच्या व्यवसायात असलेला, बोलण्यावर पोट असणारा माणूस. त्याला घशाचा कर्करोग होतो. डॉक्टर शंभर दिवस देतात. मग शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया, आणि तो जगत राहतो. सुटलेलं पोट, जड चाल, हट्टी, चिडका, मुलीशी धड बोलता न येणारा बाप. माझ्या बाबांचं मोठं ऑपरेशन झालं होतं, तेव्हापासून ते खुर्चीतून उठायच्या आधी क्षणभर थांबायचे, शरीराला विचारायचे, मग उठायचे. अभिषेकच्या अर्जुनच्या सगळ्या हालचालींत तो थांबा आहे. शरीरावर विश्वास उरलेला नसलेल्या माणसाचा सावधपणा. करुणेची भीक कुठेही मागितलेली नाही. आमच्या इथे आठवड्याभरात खेळ उतरला. ज्या नटाला आयुष्यभर बापाशी तोललं गेलं, त्याने बापाचीच भूमिका इतक्या खरेपणाने केली आणि ती बघायला माणसं नव्हती.

‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला मी आईला घेऊन गेले. पायल कपाडियाच्या या सिनेमाला कान महोत्सवात ग्राँ प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळाला. तो हिंदी म्हणावा का, हा प्रश्न आहेच. त्यात मल्याळम जास्त, मग हिंदी, मग मराठी. पण मुंबईच्या लोकलमध्ये कानावर पडतं ते असंच मिसळलेलं, आणि माझ्या यादीतून मी त्याला वगळू शकत नाही. कनी कुसृती यात प्रभा नावाची नर्स आहे. नवरा जर्मनीत, वर्षभर फोन नाही. एके दिवशी पार्सलमधून तांबडा राइस कुकर येतो, पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री जमिनीवर बसून ती त्या कुकरला मिठी मारते. एवढंच. लिहिताना विचित्र वाटतं, बघताना घशात आवंढा येतो. डिसेंबरात हीच कनी ‘गर्ल्स विल बी गर्ल्स’मध्ये आई झालेली पाहिली. तिथे मुलगी झालेल्या प्रीती पाणिग्रहीबरोबर तिची जी जुगलबंदी आहे, एकमेकींचा हेवा आणि एकमेकींवाचून न करमणं, त्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

प्रभाच्या रुग्णालयात स्वयंपाकाला असलेली पार्वती, पुन्हा छाया कदम. तिचं मराठी कानावर आलं तशी आई खुर्चीत सावरून बसली. नवरा गेलेला, बिल्डर चाळीतलं घर रिकामं करा म्हणतो, आणि तिथे राहिल्याचा एकही कागद पार्वतीपाशी नाही. आईने माझ्या कानाशी येऊन विचारलं, ‘आपलं वीजबिल कुणाच्या नावावर आहे?’ बाबांच्या. गॅसचं पुस्तकही बाबांच्या. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. पुढे पार्वती आणि प्रभा रात्रीच्या अंधारात बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारतात. छाया कदमचा दगड मारणारा हात नेम धरणाऱ्याचा नाही, चीड आणि मजा दोन्ही त्यात आहेत. थिएटरात आई मोठ्याने हसली. दोन रांगा पुढच्या मुलाने वळून बघितलं. ती हसतच राहिली.

पार्वती शेवटी रत्नागिरीकडे, गावाला परतते. बाहेर आल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. रिक्षात म्हणाली, ‘उद्या त्या वीजबिलाचं बघू.’ बघितलं. नाव बदलायला सात कागद आणि तीन खेपा लागल्या. जानेवारीचं बिल तिच्या नावाने आलं.

हे लिहिते आहे ती संक्रांतीची आदली दुपार आहे. आई स्वयंपाकघरात तिळाचे लाडू वळते आहे. बोटांचे सांधे हल्ली दुखतात, पोळ्या आता सहाच्या वर होत नाहीत, पण गुळाचा पाक गरम आहे तोवरच लाडू वळावे लागतात आणि ते काम ती कुणाला देत नाही. मी बाहेरूनच ओरडून विचारलं, ‘गेल्या वर्षीच्या सिनेमांतलं कुणाचं काम पहिलं लिहू?’

‘ती स्टेशनवाली.’ मग थोड्या वेळाने, ‘आणि तो हातवाऱ्यांचा मुलगा.’ ‘बर्लिन’ बघताना ती अर्धा वेळ झोपली होती, असं मला वाटत होतं.

लॅपटॉप बाजूला ठेवून मी आत गेले. तिने वाटीतलं पाणी माझ्याकडे सरकवलं. ‘हात ओला करून घे, नाहीतर चटका बसेल.’ माझा पहिला लाडू हातातच फुटला. ती खिडकीबाहेर कुणाशी तरी बोलत होती, आणि तिच्या हातातला लाडू गोल होत होता.